गळाला लागलं लोखंड!

दोरीला लोहचुंबक बांधायचं, पाण्यात सोडायचं आणि वाट बघायची. परदेशात गाजलेली ही हॉबी आपल्याकडे सुरू करायची तर कुठून? आमच्या मते, पुण्यापासून साधारण ७० किलोमीटरवरच्या एका विहिरीवरून!

शनिवारी सकाळी उठून करायचं काय, हा आपल्या पिढीचा राष्ट्रीय प्रश्न आहे. मॉल झाले, मल्टिप्लेक्स झाले, मिसळीची सगळी ठिकाणं पालथी घालून झाली. ग्रुपमधला एकजण ट्रेकवाला, एकजण सायकलवाला, एकीने मातीची भांडी करायचा क्लास लावलाय. आणि तुम्ही? तुमच्याकडे एक रिकामा वीकेण्ड असेल आणि शाळेत असताना बाकावरच्या टाचण्या चुंबकाने नाचवल्याची आठवण अजून ताजी असेल, तर मॅग्नेट फिशिंग हा प्रकार तुमच्यासाठीच आहे.

यात शिकण्यासारखं वरवर काहीच नाही. एक दमदार चुंबक, एक लांब दोरी आणि खाली पाणी. चुंबक तळाशी टेकलं की हळूहळू ओढत आणायचं. टक्कन काहीतरी लागतं, दोरी जड होते आणि त्या क्षणी पोटात जे होतं ना, त्यासाठी लोक पुन्हा पुन्हा जातात. वर काय येईल याचा नेम नसतो. युरोपातल्या कालव्यांमधून सायकली, तिजोऱ्या, पिस्तुलं आणि दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बॉम्बही निघाले आहेत. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पार्कातल्या तळ्यात एका जोडप्याला तिजोरी सापडली. आत भिजून लगदा व्हायला आलेल्या सुमारे एक लाख डॉलरच्या नोटा! पोलिसांनी चौकशी केली, गुन्ह्याचा धागा सापडला नाही आणि पैसे त्यांनाच ठेवू दिले. ही बातमी जगभर फिरली आणि अनेकांनी त्याच रात्री ऑनलाइन चुंबक शोधायला घेतलं. खरं सांगायचं तर मीही.

पण लगेच एक बादली गार पाणी ओतते. सोनं चुंबकाला चिकटत नाही. चांदी नाही, तांबं नाही, पितळ नाही, अॅल्युमिनियम नाही. शिवकालीन शिवराई तांब्याची, तीही नाही. घरातली स्टीलची ताटं-वाट्याही बऱ्याचदा चिकटत नाहीत, कारण ते स्टील वेगळ्या जातीचं असतं. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, काही डबे धरतील, काही ढिम्म राहतील. थोडक्यात, खजिन्याची स्वप्नं बघणाऱ्याने या हॉबीच्या वाटेला जाऊ नये. हिच्या जाळ्यातला मासा एकच: लोखंड. आणि बहुतेक वेळा गंजलेलं.

आणखी एक. ही हॉबी 'फॉरेन'ची आहे असं समजून कॉलर ताठ करू नका. नाशिकच्या रामकुंडावर, पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी पोरं तुम्ही बघितली असतील. स्पीकरमधलं गोल चुंबक, मधल्या भोकातून ओवलेली सुतळी, झाली तयारी. या पोरांचा हा उद्योग चालतो तो टांकसाळीच्या कृपेने. भाविक पूर्वी तांब्याचे पैसे टाकत, पुढे अॅल्युमिनियमची हलकी नाणी आली. दोन्हींना चुंबक विचारत नाही. मध्ये काही वर्षं निकेलची नाणी होती, ती चिकटायची. पण खरा बदल १९८८ चा. त्या वर्षी १० पैसे, गेंड्याचं चित्र असलेले २५ पैसे आणि ५० पैसे स्टेनलेस स्टीलमध्ये आले, तेही चुंबक धरणाऱ्या जातीच्या स्टीलमध्ये. १९९२ मध्ये रुपयाही त्याच वाटेने गेला. ३० जून २०११ ला २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली, पण तोवर रुपयाने जागा घेतली होती. पाच रुपयांचं पितळी रंगाचं नाणं मात्र आजही या पोरांच्या हाताला लागत नाही. त्यासाठी बुडी मारावी लागते.

म्हणून माझं स्पष्ट मत: घाटावर आपली चुंबकं घेऊन जायचं नाही. ते नाणं कुणीतरी हात जोडून सोडलेलं असतं आणि ते काढून कुणीतरी संध्याकाळचं पोट भरतं. या दोघांच्या मध्ये आपण ब्रँडेड ग्लोव्हज घालून कशाला उभं राहायचं? सोनाराच्या दुकानासमोरची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांच्या गल्लीत जाऊन आपण हॉबी म्हणून माती चाळतो का? नाही ना. मग हेही तसंच.

मग जायचं कुठे? माझ्या रूममेटने चहाचा घोट घेता घेता उत्तर दिलं, "आमच्या मामाच्या विहिरीत किती लोखंड पडलंय माहितीये?"

आधी सामान

चुंबक घ्यायचं ते निओडिमियमचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी, एकमेकांपासून वेगळं राहून, हे चुंबक तयार केलं. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं हे मिश्रण आकाराच्या मानाने भलतंच ताकदवान असतं. आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरींत याच कुळातली चुंबकं असतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा आपल्याकडच्या वाहन कंपन्यांची झोप उडाली ती यामुळेच.

फिशिंगसाठी मिळतं ते पोलादी वाटीत बसवलेलं चुंबक. वाटीमुळे सगळी ओढ एकाच तोंडाकडून लागते. वर दोरी बांधायला आयबोल्ट. विहिरीत सरळ खाली सोडायचं असेल तर हेच घ्या. दोन्ही बाजूंनी धरणारं चुंबक तळावरून ओढत आणायला बरं, पण विहिरीच्या अरुंद घेरात ते कडेच्या प्रत्येक पाइपला मिठी मारतं. जाहिरातीत '१२० किलो', '३०० किलो' असे आकडे असतात. ते आकडे जाड, सपाट, स्वच्छ पोलादाच्या पत्र्यावरून चुंबक अगदी सरळ उपटायला लागणाऱ्या जोराचे असतात. तळाशी असतो गंज, चिखल आणि वाकडातिकडा तुकडा. तिथे या आकड्याचा छोटासा हिस्साच पदरात पडतो. तरी नवशिक्याने शंभर-दीडशे किलोच्या पुढे जाऊ नये. ३०० किलोवालं चुंबक मोठ्या लोखंडाला सपाट चिकटलं की ते सोडवायला तुम्हाला शेजारचा ट्रॅक्टर बोलवावा लागेल.

दोरी आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, वीस मीटर. ट्रेकवाल्यांना 'फिगर ऑफ एट' येतेच, तीच गाठ मारा. आयबोल्ट पाण्यात फिरून फिरून सैल होतो आणि चुंबक तळाशी राहून दोरी रिकामी वर येते. म्हणून बोल्टच्या आट्यांवर आधी लॉकटाइटचे दोन थेंब टाकून एक रात्र ठेवा. जाड रबरी हातमोजे हवेतच. गंजलेला पत्रा कापतो तो ब्लेडपेक्षा वाईट, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय हे आठवत नसेल तर आधी तेवढं उरकून घ्या. घरी चुंबक लाकडी किंवा थर्माकोलच्या खोक्यात ठेवायचं. बँकेच्या कार्डांपासून लांब, आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्यापासून फारच लांब. दोन चुंबकं घेतली असतील तर ती एकमेकांजवळ आणू नका. मध्ये बोट आलं तर बोट, आणि बोट वाचलं तर चुंबक, दोघांतलं एक फुटतं.

या सगळ्याचा खर्च? चार जणांच्या बऱ्यापैकी रेस्टॉरंटमधल्या एका डिनरइतका. आणि एवढाही करायचा नसेल तर भंगारवाल्याकडून जुन्या स्पीकरचं चुंबक आणा. कमी धरतं, पण खिळे-मोळे काढायला पुरतं.

म्हाळुंग्याला जाताना

तर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सहाला आम्ही दोघी निघालो महाळुंगे पडवळला. बालेवाडीजवळचं म्हाळुंगे नव्हे, चाकणजवळचं म्हाळुंगे इंगळेही नव्हे. हे आंबेगाव तालुक्यातलं. पुणे-नाशिक रस्त्याने चाकणचं ट्रॅफिक फुटायच्या आत निसटायचं, राजगुरुनगर, मंचर करत घोड नदी ओलांडायची आणि कळंबहून आत वळायचं. पुणेकरांना या गावाचं नाव ठाऊक नसलं तरी गावच्या माणसाचं नक्की ठाऊक असतं. मंडईजवळचं हुतात्मा बाबू गेनू मंडळ ज्यांच्या नावाने आहे, त्या बाबू गेनू सैद यांचं हे जन्मगाव. मुंबईतला हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवायला रस्त्यात आडवा झाला आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. वय बावीसच्या आसपास. आपल्यातल्या कित्येकांचा त्या वयात पहिला जॉबही लागलेला नसतो. वर घोड नदीवर डिंभ्याचं धरण आहे, त्याच्या जलाशयालाही त्यांचंच नाव आहे.

मामांनी विहिरीवरच स्वागत केलं. माझ्या हातातलं चकचकीत चुंबक बघून पहिला प्रश्न, "एवढंसंच? मला वाटलं ट्रकात घालून आणताय!"

विहीर गोल, जुन्या दगडी बांधकामाची, चाळीसेक फूट खोल. पाणी होतं बारा-तेरा फूट. म्हणूनच मोसम महत्त्वाचा. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास विहिरी तुडुंब असतात, दोरी खाली कुठे चाललीये ते कळतच नाही. फेब्रुवारी ते मे हे महिने बेस्ट.

चुंबक हातात घ्यायच्या आधी मामांनी जे केलं ते मी प्रत्येक नवशिक्याला सांगणार आहे. विहिरीत पाणबुडी मोटर होती. आमच्याकडे शहरात स्विच बंद म्हणजे बंद. गावाकडे शेतीच्या थ्री फेज लाइटच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे बरेच शेतकरी 'ऑटो' बसवतात: लाइट आली की मोटर आपली आपण सुरू. तुमचं चुंबक नेमकं त्या वेळी मोटरच्या केबलला अडकलेलं असलं तर? मामांनी स्टार्टर बंद केला, मेन स्विच पाडला, फ्यूज काढले आणि तिन्ही फ्यूज बंडीच्या खिशात टाकले. "आता कुणाच्या बापाला चालू करता यायचं न्हाई." विहिरीवर मॅग्नेट फिशिंग करायचं तर मालक समोर हवा, आणि फ्यूज त्याच्या खिशात हवेत. हा नियम मी कुठल्याही व्हिडिओत ऐकला नव्हता, कारण ते व्हिडिओ करणाऱ्यांच्या कालव्यांत मोटरी नसतात.

बाकीची पथ्यंही तिथेच ठरली. कठड्याला टेकून वाकायचं नाही. दोरीचं टोक मनगटाला गुंडाळायचं नाही, ते मागच्या आंब्याला बांधायचं. एकटीने करायचं नाही. आणि काहीही अडकलं तरी ते सोडवायला विहिरीत उतरायचं नाही. जुन्या खोल विहिरीत तळाशी हवा खराब असू शकते, एक उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, असे प्रसंग बातम्यांत येतातच.

पहिला मासा

पहिल्या खेपेला चुंबक वर आलं ते काळ्या दाढी-मिशा लावून. हात लावला तर बारीक रेतीसारखं, पण प्रत्येक कण ताठ उभा. मला वाटलं लोखंडाचा कीस असेल. तो कीस नव्हे, तो सह्याद्री! आपला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकाला ओढलं जाणारं खनिज असतं. कातळ झिजला की त्याचे दाणे माती-वाळूत उतरतात. पुण्यात कुठल्याही नदीकाठच्या वाळूत चुंबक फिरवा, ही काळी मिशी येणारच. चुंबकाला आधीच पातळ प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली असेल तर पिशवी उलटी करून हे सगळं झटक्यात काढता येतं. नाहीतर अर्धा तास पुसत बसा.

मग सुरू झालं खरं फिशिंग. दोन खिळे. एक बोल्ट. एक खुरपं, मूठ कुजून गेलेली. मग एक पाना, जो बघताच मामा ओरडले, "आरं, ह्योच त्यो! दोन वर्षं झाली, मी ह्याच्यावरनं शेजारच्याशी भांडलोय!" शेजारी बांधावर उभेच होते. ते काहीच बोलले नाहीत, फक्त हसले. त्या हसण्यात दोन वर्षांचं व्याज होतं.

एव्हाना चार-सहा पोरं, दोन म्हाताऱ्या आणि रूममेटचे आजोबा जमले होते. आजोबा ऐंशीच्या पुढचे. खाट टाकून आंब्याखाली बसले आणि येईल त्या वस्तूचं नाव सांगू लागले. तिथून पुढे मला कळलं की मी मासे पकडत नव्हते, या विहिरीचा पंचनामा करत होते.

वरच्या थरात, म्हणजे आधी हाताला लागलं ते सगळं मोटरीच्या काळातलं. क्लॅम्प, नटबोल्ट, जीआय पाइपचा तुकडा. मग तासाभराने एक वाकडा दांडा आला, गंजून फुगलेला. मला काहीच बोध होईना. आजोबांनी लांबूनच ओळखला: ऑइल इंजिन सुरू करायचं हँडल. त्यांच्याकडे किर्लोस्करचं इंजिन होतं, त्याचा धक् धक् आवाज तीन वस्त्यांवर जायचा. हँडल उलटं फिरून एकाचं मनगट मोडलं, त्या रागात त्याने ते विहिरीत भिरकावलं, अशी कथा. "त्यो कोण?" असं विचारल्यावर आजोबांनी सोयीस्करपणे कान दुखत असल्याचं सांगितलं.

त्याही नंतर, भिंतीच्या अगदी कडेला, एक अर्धचंद्रासारखी पातळ पट्टी आली. ही बैलाच्या खुराची पत्री. घोड्याला नाल अख्खा असतो, बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून पत्री अर्धी-अर्धी. आणि तिच्या मागोमाग हातभर लांबीचा, किंचित बाकदार, जाड लोखंडी तुकडा. बैलगाडीच्या चाकाची धाव! लाकडी चाकावर लाल तापवून चढवतात ती लोखंडी पट्टी. गंमत म्हणजे आम्ही उभे होतो त्या उताराला आजोबा 'धाव'च म्हणत होते. मोटेचे बैल ज्या उतारावरून पुढे-मागे जायचे ती विहिरीची धाव. धावेवर उभं राहून धाव काढली! ही विहीर बहात्तरच्या दुष्काळात आणखी खोल केली, मोट त्याच्या आधीच सुटली होती, असं आजोबा म्हणाले. आज त्या उतारावर ठिबकचं फिल्टर बसवलंय.

आणि अलीकडचं काय सापडलं? जवळजवळ काहीच नाही. आताचे पाइप पीव्हीसीचे, दोऱ्या नायलॉनच्या, बादल्या प्लास्टिकच्या. विहिरीत त्याही पडल्या असतीलच की. पण चुंबकाला त्या दिसत नाहीत.

याची खात्री आजींनी करून दिली. त्या एवढा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी कळशी बघ की. लग्नातली. पितळंची." मी त्यांना सांगितलं की पितळ चुंबकाला लागत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दीड हजार रुपये कशाला घातले मग या पोरीने? मामा उठून घरात गेले आणि माळ्यावरून एक वस्तू घेऊन आले. एका लोखंडी कड्यात चार-पाच वाकडे आकडे, मुठीएवढा पसारा. गळ. पूर्वी पोहरा किंवा घागर विहिरीत पडली की वस्तीवर ज्याच्याकडे गळ असेल त्याच्याकडे धावायचं. धातू कुठला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कान, कडी, काठ, काहीही मिळालं की बस्स. मामांनी तो सोडला आणि तळावरून अशा अलगद हाताने फिरवू लागले की मी माझी दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. पाऊण तासात वर आलं: केबलचं भेंडोळं, एक शर्ट, खतांच्या दोन गोण्या आणि चेपलेलं अॅल्युमिनियमचं पातेलं. कळशी नाहीच.

"असंल तिथंच," आजी म्हणाल्या. "कुठं जातीय."

म्हणून किटमध्ये गळही ठेवा. ऑनलाइन 'ग्रॅपलिंग हुक' नावाने मिळतो, पण लोहाराकडून करून घेतलेला जास्त टिकाऊ.

नदीवर जायचंय? जरा थांबा

विहीर जमली की डोळे नदीकडे वळतात. घोड तिथून जवळच. मामांनी नाही म्हटलं, आणि कारणही दिलं. या भागात नदीकाठच्या शेतीपंपांच्या मोटरी आणि केबली चोरीला जातात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पाणी अडवायला जे लोखंडी ढापे लावतात, ते ढापेसुद्धा चोर उचलून नेतात. एक ढापा गेला म्हणजे काय, तर ऐन उन्हाळ्यात अडवलेलं पाणी वाहून जातं आणि काठच्या उसाचं, तरकारीचं वर्ष जातं. अशा गावात दोन अनोळखी माणसं दोरी आणि चुंबक घेऊन बंधाऱ्यावर उभी दिसली तर लोक काय समजतील? लोकांनी जमून जाब विचारला तर मी त्यांनाच बरोबर म्हणेन. त्यामुळे नदीवर जायचंच असेल तर आधी ग्रामपंचायतीत सांगा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला, गावातलं कुणीतरी सोबत घ्या. बंधाऱ्याच्या आसपास आणि कालव्यात नकोच. धरणातून पाणी सुटलं किंवा कालव्याला आवर्तन आलं की पातळी बघता बघता वाढते. इंग्लंडमध्ये तर कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टने आपल्या कालव्यांत मॅग्नेट फिशिंगला सरळ बंदीच घातली आहे.

कायद्याचंही थोडं ऐका. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची ठेव सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची, हा १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट अजून लागू आहे. दहा रुपये तेव्हाचे, पण कायद्यात तेवढेच! १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू म्हणजे पुरावशेष, तिची खरेदी-विक्री मनाला येईल तशी करता येत नाही. शिवनेरीसारख्या संरक्षित किल्ल्यांवरच्या टाक्या-तळ्यांत चुंबक टाकायचा विचारही नको. जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आहेत. तिथल्या गाळात काय कुठे पडलंय, हे अभ्यासकांना जागच्या जागी बघायचं असतं. आपण ते खेचून काढलं की नुसतं भंगार उरतं. आणि पिस्तूल, तलवार, बॉम्बसारखं काही, किंवा नंबरप्लेट नसलेली बाइक वर आली, तर हात न लावता ११२ फिरवायचा. सेल्फी नंतर.

शेवटचं पथ्य घड्याळाचं. जुन्नर-आंबेगाव हा बिबट्यांचा मुलूख आहे. ऊस त्यांचं घर झालाय आणि विहिरी उसाच्याच कडेला असतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते काही हौसेने काढलेलं नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली, तेव्हा संतापलेल्या लोकांनी हाच पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला होता. खाली वाकून, पाठ उसाकडे करून, तासन् तास एकाच जागी उभं राहणं हा आपल्या हॉबीचा गाभाच आहे. त्यामुळे पाच वाजता दोरी गुंडाळायची म्हणजे गुंडाळायची. मामी साडेचारपासूनच हाका मारत होत्या.

निघताना सगळा माल काट्यावर ठेवला. अकरा किलो. परदेशी व्हिडिओत लोक काढलेलं लोखंड काठावरच सोडून पुढे जाताना दिसतात, ते मला अजिबात पटत नाही. पाण्यात होतं तेव्हा निदान कुणाच्या पायात तरी रुतत नव्हतं. मामांनी नटबोल्ट आणि पाइप भंगारात घातले. पाना शेजाऱ्यांना दाखवून आपल्याकडे ठेवला. हँडल, पत्री आणि धावेचा तुकडा आजोबांनी खाटेखाली सरकवला, आणि मी फोटोपुरता मागितला तरी दोन मिनिटांत परत घेतला.

चुंबक मात्र पुसून, तेलाचा हात लावून ठेवायला विसरू नका. वरचा निकेलचा मुलामा जिथे टवका उडतो तिथून ते स्वतःच गंजायला लागतं. माझ्याला पहिल्याच दिवशी दोन टवके पडले.

परवा मामांचा फोन आला. वरच्या वस्तीवर कुणाची तरी पहार विहिरीत गेलीये, पाचफुटी. पुढचा शनिवार मोकळा आहे का, विचारत होते. "आन् त्या तुझ्या दोरीला सांग, वीस मीटर पुरायची न्हाई. त्यांची हीर लई खोल हाये."